हसऱ्या पुस्तकाचा विसरलेला धडा

माझ्या लग्नात मामानं साडीबरोबर एक पुस्तकही दिलं होतं. इंग्रजी, जुनं, फोर्टच्या फूटपाथवरून घेतलेलं. डेल कार्नेगी या अमेरिकन लेखकाचं ‘हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल’. मामाची त्या पुस्तकावर फार श्रद्धा. ऑफिसात त्याचं कुणाशी कधी वाजलं नाही, याचं सगळं श्रेय तो त्या पुस्तकाला द्यायचा. मला म्हणाला, सासरी जातेस ना, मग हे पाठ कर, कुणाशी वाकडं येणार नाही.

मी खरंच पाठ केलं, बरं का! हसतमुख राहा. वाद घालू नका. समोरच्याचं ऐकून घ्या. तुमचं चुकलंय असं कुणाला तोंडावर सांगू नका. पुस्तकाच्या शेवटी तर घरातलं आयुष्य सुखी करण्याचे सात नियमच दिले होते. त्यातला पहिलाच नियम, नवऱ्याच्या मागे भुणभुण लावू नका, या अर्थाचा. मी म्हटलं, वा, हे तर आपल्या आईनंही सांगितलं होतं. मग अमेरिकेत छापून आलंय म्हणजे खरंच असणार!

परवा भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा मामाची परंपरा चालवावी म्हणून त्याच पुस्तकाची नवी कोरी प्रत आणली. घरी आणून चाळते, तर शेवटचा तो भाग गायब! पान फाटलंय का म्हणून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग कळलं की १९८१ साली या पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा ते सात नियम काढूनच टाकले. मला जरा रागच आला. ज्या नियमांवर मी संसार केला, ते यांनी सरळ कात्री लावून उडवले? आणि मला कुणी सांगितलंही नाही?

तेवढ्यावरून मी या कार्नेगीबाबाचं आयुष्य वाचायला घेतलं. आणि काय सांगू, पुस्तकापेक्षा त्यांचं आयुष्यच मला जास्त शिकवून गेलं.

डेलचा जन्म २४ नोव्हेंबर १८८८चा. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मेरीव्हिल नावाचं गाव आहे, तिथलं हे शेतकरी कुटुंब. त्यांचं मूळ आडनाव उच्चाराला जवळपास तेच, पण स्पेलिंग वेगळं होतं. शेताजवळून ‘हंड्रेड अँड टू’ अशा विचित्र नावाची नदी वाहायची. म्हणजे आपल्या भाषेत ‘एकशे दोन’! ही नदी दरवर्षी मक्याचं पीक धुऊन न्यायची. सात वर्षांतली सहा वर्षं असं झालं, असं कार्नेगींनीच पुढे लिहून ठेवलंय. त्यात भर म्हणून पाळलेली डुकरं रोगानं मरायची आणि जाळून टाकावी लागायची. तो जळका वास त्यांच्या डोक्यातून म्हातारपणापर्यंत गेला नाही.

कर्ज, व्याज, बँकेचा तगादा... आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात याहून वेगळं काय असतं? वडील सत्तेचाळीस वर्षांचे असताना पार खचले. डॉक्टरांनी आईला सांगितलं की हे सहा महिन्यांपेक्षा जास्त काढणार नाहीत. एकदा बँकवाल्यानं जप्तीची धमकी दिली, तेव्हा घरी येताना वडील पुलावर घोडे थांबवून खाली नदीकडे बराच वेळ पाहत उभे राहिले होते. उडी मारावी की नाही, असा विचार करत! घरी गोठ्यात चारा घालायला गेले आणि यायला जरा उशीर झाला, की आईच्या पोटात गोळा यायचा. दोरीला लटकलेलं काहीतरी आता दिसणार, या धास्तीनं ती मागोमाग गोठ्यात जायची.

ही आई मला फार आवडली. अमांडा तिचं नाव. लग्नाआधी शिक्षिका होती. देवावर गाढ श्रद्धा. घरात पैसा नाही, पण रोज रात्री बायबल वाचायचं, कामं करता करता देवाची गाणी म्हणायची. तिच्या त्या श्रद्धेनंच वडील तगले. सहा महिने कसले, त्यानंतर ते बेचाळीस वर्षं जगले. १९४१ साली, ८९व्या वर्षी गेले! पुढे मुलगा नाताळला पैसे पाठवायचा ते कोट, चपला घ्या म्हणून. पण हे दोघं त्यातून गावातल्या एखाद्या विधवेच्या घरी कोळसा आणि वाणसामान भरून यायचे.

डेलला तोंडपाठ बोलायला, कविता म्हणायला आईनंच शिकवलं. मुलगा पाद्री नाहीतर शिक्षक व्हावा, अशी तिची इच्छा. पण मुलगा होता महाभित्रा. वीज चमकली की घाबरायचा. त्याचे कान मोठे होते, ते कापून टाकीन म्हणून एका दांडगट पोरानं धमकावलं, तर त्या भीतीनं कित्येक दिवस बेजार. मोठेपणी कोणती मुलगी आपल्याशी लग्न करेल, आणि केलंच तर तिच्याशी बोलायचं काय, याचीसुद्धा काळजी! लहानपणी एका पडक्या घराच्या माळ्यावरून उडी मारताना बोटातली अंगठी खिळ्यात अडकली आणि डाव्या हाताचं पहिलं बोट तुटलं. तेव्हा तो किंचाळला, पण बोट बरं झाल्यावर त्याची काळजी मात्र त्यानं एक दिवस केली नाही. गंमतच आहे ना माणसाच्या मनाची?

१९०४मध्ये कुटुंब वॉरन्सबर्गला गेलं, कारण तिथं शिक्षक घडवणारं सरकारी कॉलेज होतं. बाकीची मुलं गावात खोली घेऊन राहायची. यांच्याकडे तेवढेही पैसे नाहीत. डेल रोज तीन मैल घोड्यावरून यायचा-जायचा. कोट तंग, पँट आखूड. वर्गात उभं राहायची लाज वाटायची. कॉलेजात भाव कुणाला, तर खेळाडूंना आणि वक्तृत्व स्पर्धा जिंकणाऱ्यांना. खेळात तर काही जमण्यासारखं नव्हतं. म्हणून हा वक्तृत्वाच्या मागे लागला. घोड्यावर बसून भाषण, गायीचं दूध काढताना भाषण! आधी हरला, पुन्हा हरला, पुन्हा पुन्हा हरला. आणि मग जिंकायला लागला तो असा, की बाकीची मुलं त्याच्याकडे शिकवणीला येऊ लागली. पदवी मात्र मिळाली नाही. लॅटिनमध्ये नापास!

मग पोटासाठी विक्रेता. आधी पत्राद्वारे शिक्षणाचे कोर्स विकले, मग आर्मर नावाच्या बड्या कंपनीसाठी डुकराचं मांस, चरबी, साबण. मालगाडीतून, घोड्यावरून गावोगाव फिरायचं. एखाद्या दुकानदाराकडे द्यायला रोख पैसे नसले, तर हा त्याच्या दुकानातले डझनभर बूट उचलायचा, रेल्वेच्या कामगारांना विकायचा आणि ते पैसे कंपनीला पाठवून द्यायचा. त्याच्या भागाची विक्री तळातून पहिल्या क्रमांकावर आली. आणि तेव्हाच यानं नोकरी सोडली. का? तर नट व्हायचं होतं!

१९११ साली न्यू यॉर्क गाठलं, नाट्यशाळेत शिकला, एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडला आणि हे आपलं काम नाही हे ओळखून परत आला. मग पुन्हा विक्रीच. आता मोटारट्रक. ट्रक कसा चालतो ते ठाऊक नाही, जाणून घ्यायची इच्छाही नाही. राहायला भाड्याची स्वस्त खोली, झुरळांनी भरलेली. सकाळी भिंतीवरचा टाय काढायला हात घातला की मागून झुरळं पळायची. रोज संध्याकाळी डोकं दुखायचं. कॉलेजातली स्वप्नं आणि ही खोली! कुठलीही मध्यमवर्गीय पोरंसोरं शहरात आली की त्यांच्या वाट्याला येतं तेच.

इथून पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचा, मैत्रिणींनो. कारण खरी गोष्ट इथे आहे.

त्यानं ठरवलं, दिवसा वाचायचं-लिहायचं आणि रात्री प्रौढांना भाषणकला शिकवायची. दोन विद्यापीठांकडे विचारणा केली, दोघांनीही नकार दिला. शेवटी १२५व्या रस्त्यावरच्या वायएमसीएत गेला. तिथला मॅनेजर एका वर्गाचे दोन डॉलरसुद्धा द्यायला तयार नव्हता. नफा झाला तर त्यातला वाटा देऊ, म्हणाला. १९१२च्या ऑक्टोबरमध्ये पहिला वर्ग सुरू झाला. समोर बसलेले लोक म्हणजे विक्रेते, कारकून, लहानसहान धंदेवाले. हप्त्यानं फी देणारे. उपयोग वाटला नाही तर पुढचा हप्ता बंद!

पहिल्याच तासाला याच्याजवळचं सगळं बोलून संपलं. वेळ तर उरलेला. आता काय? घाबरून त्यानं समोरच्या माणसांनाच उभं केलं. म्हणाला, तुम्हाला ज्या गोष्टीचा राग आला असेल, त्याबद्दल बोला. आणि चमत्कार झाला! ज्यांना चार माणसांत आपलं नावही धड सांगता येत नव्हतं, ती माणसं भडाभडा बोलायला लागली. राग आला की भीती जाते, आणि स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलायचं तर शब्द शोधावे लागत नाहीत. कार्नेगींचा खरा शोध हा. हसण्याचा नव्हे, बोलतं करण्याचा!

दोन वर्षांतच त्यांची कमाई भरभक्कम झाली. १९१६मध्ये न्यू यॉर्कच्या प्रसिद्ध कार्नेगी हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान तुडुंब गर्दीत झालं. पुढे त्यांनी आडनावाचं स्पेलिंगही पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगींसारखं करून घेतलं. नातं काही नाही, पण नाव गाजलेलं! विक्रेत्याचं डोकं ते.

बाहेर असं सगळं छान चाललेलं असताना घरात मात्र वेगळंच होतं. १९२१मध्ये त्यांनी लोलिता बोकेअर या स्त्रीशी लग्न केलं. हा संसार सुखाचा झाला नाही. दहा वर्षांनी, १९३१ साली घटस्फोट झाला. मधल्या काळात दोन वर्षं युरोपात राहून मोठ्या आशेनं एक कादंबरी लिहिली, ‘ब्लिझार्ड’ नावाची, म्हणजे हिमवादळ. तीही कुणी छापली नाही. १९३२मध्ये त्यांचं अब्राहम लिंकनवरचं पुस्तक आलं. त्यात लिंकनच्या बायकोला त्यांनी इतकं कजाग रंगवलंय, की वाचताना मला वाटलं, हा माणूस लिंकनच्या घराबद्दल लिहितोय की स्वतःच्या?

‘हाऊ टू विन फ्रेंड्स’ हे पुस्तकही त्यांनी एकटाकी लिहिलेलं नाही. वर्गात वाटायचे म्हणून काही नियम त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर छापले होते. पुढच्या वर्षी कार्ड मोठं झालं, मग त्याचं पत्रक झालं, मग पुस्तिका. पंधरा वर्षं विद्यार्थी ते नियम दुकानात, ऑफिसात वापरून पाहायचे आणि येऊन सांगायचे. सायमन अँड शुस्टर या प्रकाशनाचे लिऑन शिमकिन त्यांच्या वर्गाला आले, खूश झाले आणि पुस्तकासाठी मागे लागले. व्याख्यानं लघुलेखनात उतरवून घेतली गेली आणि १९३६ साली पुस्तक आलं. पहिली छपाई फक्त पाच हजारांची! मंदीचे दिवस होते. नोकऱ्या गेलेल्या, असलेल्या टिकतील की नाही याची खात्री नाही. अशा वेळी, पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही, फक्त वागणं बदला असं सांगणारं पुस्तक कोणाला नको होतं? पाच हजारांचे लाख झाले, लाखांचे कोटी. सिंक्लेअर लुईससारख्या मोठ्या लेखकानं खिल्ली उडवली, पण वाचकांनी ऐकलं नाही. यथावकाश ते मराठीतही आलं.

आता त्या सात नियमांकडे येऊ. घटस्फोटाला जेमतेम पाच वर्षं झालेला माणूस सुखी संसाराचे नियम सांगत होता! त्यात भुणभुण करणाऱ्या बायकांची जी उदाहरणं आहेत, त्यात एक पुन्हा लिंकनची बायको आणि एक टॉलस्टॉयची. शेवटी नवऱ्यांसाठी आणि बायकांसाठी दोन वेगळ्या प्रश्नावल्या. नवऱ्याला विचारलंय, अधूनमधून फुलं आणता का, चारचौघांत तिच्यावर टीका टाळता का, घरखर्चाखेरीज तिला मनासारखे खर्चायला काही पैसे देता का. ठीक आहे, चांगलंच आहे. बायकोला विचारलंय, नवऱ्याच्या कामात ढवळाढवळ न करता त्याला मोकळीक देता का, आणि रोज ताटात काय येईल याचा त्याला अंदाज येऊ नये इतके वेगवेगळे पदार्थ करता का! हे वाचून मी मोठ्यानं हसले. कारण तरुणपणी मी या प्रश्नापुढे पेन्सिलनं ‘हो’ लिहिलं होतं. ती खूण अजून आहे.

मग मी त्या माणसाला ढोंगी म्हणू का? म्हणणार होते. पण त्यांच्या कपाटात एक फाईल असायची, आपण केलेल्या मूर्खपणाच्या गोष्टींची. तारीख घालून चुका लिहून ठेवायचे. काही चुका इतक्या खाजगी आणि लाजिरवाण्या, की सेक्रेटरीला सांगायची सोय नाही, म्हणून स्वतःच्या हातानं लिहायचे. हे वाचल्यावर माझा राग निवळला. ते सात नियम म्हणजे शहाण्यानं अडाण्याला केलेला उपदेश नव्हता. हरलेल्या नवऱ्यानं उशिरा केलेला गृहपाठ होता तो. फक्त त्यातला निम्मा त्यांनी बायकोच्या वहीत लिहिला!

१९४४मध्ये त्यांनी डोरोथी व्हँडरपूलशी दुसरं लग्न केलं. ती ओक्लाहोमातल्या टल्सा शहरची, त्यांच्या वर्गाची विद्यार्थिनी, नंतर त्यांची सेक्रेटरी. १९४८ साली काळजीवरचं पुस्तक आलं, ‘हाऊ टू स्टॉप वरीइंग अँड स्टार्ट लिव्हिंग’. मला विचाराल तर त्यांचं हेच पुस्तक जास्त मनापासूनचं आहे. पुलावर थांबलेल्या वडिलांची गोष्ट त्यातलीच. १९५१मध्ये, वयाच्या ६३व्या वर्षी त्यांना मुलगी झाली. डोरोथीनं १९५३ साली स्वतः पुस्तक लिहिलं, नवऱ्याला पुढे जायला मदत कशी करावी, या विषयावर! १ नोव्हेंबर १९५५ रोजी कार्नेगी गेले. मिसुरीत, बेल्टन गावी त्यांना पुरलं. आणि नवऱ्याला पुढे कसं ढकलावं हे सांगणाऱ्या त्याच डोरोथीनं मग कंपनीची सूत्रं हाती घेतली, ती कित्येक वर्षं. जगभर वर्ग पोचवले. १९९८मध्ये ती गेली. काय म्हणावं याला?

हे सगळं वाचून झाल्यावर मी बराच वेळ स्वस्थ बसले. मनात एकच गोष्ट घोळत होती. ज्या विक्रेत्यांसाठी ते नियम बनले, त्यांना दुकानात हसून, ऐकून, हो ला हो करून संध्याकाळी घरी जायचं असायचं. आपण बायका ते नियम घेऊन जिथे वापरत होतो, तेच तर घर होतं! तिथून संध्याकाळी कुठे जाणार?

मुलगी दोन वर्षांची असताना मी शाळेतली नोकरी सोडायची असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे, मी सोडून सगळ्यांनी ठरवलं. मी वाद घातला नाही. हसतमुखानं ऐकून घेतलं. वर सगळ्यांना चहा केला. सासूबाई माझ्या समजूतदारपणाचं कौतुक आजन्म करत राहिल्या. पस्तीस वर्षं झाली, पण जून महिन्यात नव्या वह्यांचा वास आला की आजही माझ्या घशात काहीतरी अडकतं.

म्हणून मागच्या महिन्यात मी आमच्या भिशीत कार्नेगींचा पहिला वर्ग भरवला. चिठ्ठी काढायच्या आधी प्रत्येकीनं उभं राहून दोन मिनिटं बोलायचं, तुम्हाला कशाचा राग आला होता? आधी सगळ्या खिदळल्या. मग एकजण उठली. नवऱ्यानं परस्पर विकलेल्या तिच्या माहेरच्या शिलाई मशीनबद्दल बोलली. एरवी जेमतेम ‘हं’ म्हणणारी बाई, तिला थांबवावं लागलं! खिदळणं कधीच बंद झालं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी शाळेबद्दल बोलले. पहिल्यांदाच. पाय लटपटत होते, पण शब्द शोधावे लागले नाहीत.

त्या रात्री घरी ह्यांनाही सांगितलं. ते गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, तेव्हा बोलली का नाहीस? मी म्हटलं, तेव्हा तुम्ही विचारलं का नाहीत? भांडण झालं नाही. चहा मात्र त्या रात्री ह्यांनी केला. साखर जास्त झाली होती, पण कार्नेगींचं स्मरण करून मी कौतुक केलं!

भाचीला पुस्तक दिलंच. उगाच नाही कोट्यवधी लोक ते वाचत. माणसांची नावं लक्षात ठेवावीत, कौतुक मनापासून करावं, आपली चूक असेल तर आधी कबूल करावी, हे सगळं खरंच आहे. फक्त पहिल्या कोऱ्या पानावर, आशीर्वाद लिहितात ना तिथे, मी १९१२ची ती गोष्ट थोडक्यात लिहून दिली. हसायला शिकवणाऱ्या या माणसानं सुरुवात कशी केली होती, ते तिला माहीत असलेलं बरं.